उरलेल्या हाताचा हिशेब

कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराचे नुकसान किती, हे कायद्याने ठरवून ठेवले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात त्याचा तक्ताच दिलेला होता. हात खांद्याच्या सांध्यातून गेला तर कमाईची क्षमता ९० टक्के घटली असे धरायचे, पंजा गेला तर ६० टक्के, एकटा अंगठा गेला तर ३० टक्के. दोन्ही पंजे गेले तर १०० टक्के. हिशेब कोरडा आहे, पण तो असल्यामुळेच अनेकांच्या पदरात काहीतरी पडते, हेही खरे.

या तक्त्यात एक रकाना मात्र नाही. हात गेल्यानंतर पाच-दहा वर्षांनी एका बाजूला कललेल्या पाठीचा, रात्री झोपू न देणाऱ्या मानेचा आणि दोन हातांचे काम एकट्याने ओढून झिजलेल्या दुसऱ्या खांद्याचा. कायद्यात हा रकाना नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. पण रुग्णालयातून घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावरही तो बहुतेकदा नसतो. जखम भरली, टाके काढले, दिव्यांग प्रमाणपत्राची वाट दाखवली, की उपचार संपले असे मानले जाते. खरे तर उरलेल्या शरीराची परीक्षा तिथून सुरू होते.

अंबरनाथ पश्चिमेला हा विषय परका नाही. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आगपेट्यांच्या कारखान्याची आठवण सांगणारा विम्को नाका आहे. गावाभोवती एमआयडीसीचे पट्टे आहेत. शेजारच्या उल्हासनगरात गल्लीबोळांत शिलाईपासून फर्निचरपर्यंतची छोटी वर्कशॉप आहेत, पुढे बदलापुरातही कारखाने आहेत. पत्रा दाबणारी पॉवर प्रेस, लाकूड कापणारी करवत, रबर आणि प्लास्टिकचे रोलर ही यंत्रे जिथे असतात तिथे बोटे आणि हात जाण्याचा धोका असतो. त्यात लोकलची गर्दी आणि रुळांवरचे अपघात आहेत. विजेचा धक्का आहे, भाजल्यानंतर आखडलेली कोपरे आहेत. काहींचा हात जन्मतःच आखूड असतो. काहींच्या खांद्याच्या नसांना बाळंतपणात ताण बसून हात लुळा पडलेला असतो. पन्नाशी ओलांडलेल्या पिढीत पोलिओने बारीक झालेले हातही आहेत. कारणे निरनिराळी असली, तरी शरीरापुढचा प्रश्न बराचसा एकच आहे.

तो प्रश्न आधी समजून घ्यायला हवा. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. साठ किलोच्या माणसात हे वजन झाले सुमारे तीन किलो. खांद्यापासून हात गेला की एका बाजूचे तीन किलो एकदम कमी होतात आणि पाठीच्या कण्याला उरलेले वजन नव्याने तोलावे लागते. तराजूचे एक पारडे हलके झाले की काटा कलतो, तसा खांदा वर चढतो, धड एका बाजूला झुकते, मान तिरकी होते. चालताना उजवा पाय पुढे पडला की डावा हात पुढे येतो, त्यामुळे धडाला बसणारा पीळ सावरला जातो. हात नसला की तो पीळ कमरेच्या स्नायूंना सोसावा लागतो. पंजा किंवा मनगटच गेले असेल तर वजनाचा फरक लहान असतो, पण तिथे दुसरी अडचण येते. बाटलीचे झाकण उघडायचे, पिशवी धरायची, बादली उचलायची तर माणूस त्या बाजूचा खांदा, हनुवटी, काख आणि कंबर वापरून काम भागवतो. दिवसातून शंभर वेळा वाकडे होऊन केलेले काम शेवटी शरीराला वाकडेच करते.

सगळ्यात मोठी किंमत मोजतो तो उरलेला हात. स्वयंपाक, कपडे धुणे, मोबाइल, लिहिणे, मूल उचलणे, लोकलमधली कडी धरणे हे सगळे त्याच्यावर येते. खांद्यातील स्नायूबंध झिजणे, कोपराबाहेरची दुखणी, मनगटातील नस दबून बोटांना मुंग्या येणे हे त्रास अशा हातात लवकर आणि जास्त दिसतात. दोन हात असलेल्या माणसाचा एक खांदा दुखला तर तो चार आठवडे दुसऱ्या हाताने काम चालवतो. ज्याचा एकच हात आहे त्याला ही सोय नाही. त्याचा खांदा आखडला की भाजी चिरणे आणि शर्टाची बटणे लावणेही दुसऱ्यावर अवलंबून राहते. म्हणून हात गमावलेल्या माणसाच्या बाबतीत उरलेला हात वाचवणे हाच उपचारांचा खरा हेतू असायला हवा. आणि तो हात वाचवायचा तर त्याच्यावरचा भार पोट, पाठ, नितंब आणि पाय यांनी वाटून घेतला पाहिजे.

इथे व्यायामाचा संबंध येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हा अपंगत्व असलेल्या प्रौढांचा त्यांत प्रथमच स्वतंत्र विचार झाला. शिफारस मात्र इतरांसाठी आहे तीच आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम. यातली चालण्याची बाजू अनेकजण सांभाळतात. अडते ते बळाच्या व्यायामावर. जिममधली बहुतेक यंत्रे दोन मुठींसाठी बनवलेली असतात. नगरपालिकांच्या उद्यानांत हल्ली दिसणाऱ्या ओपन जिमचेही तेच. दांडा दोन्ही हातांनी धरा, मगच पाय हलवा. एका हाताने ओढले तर धड पिळवटते, म्हणजे जो दोष घालवायचा तोच वाढतो.

जमीन ही अडचण निर्माण करत नाही. पाठीवर, पोटावर किंवा कुशीवर झोपले की तोल जाण्याची भीती उरत नाही, मुठीत काही धरावे लागत नाही आणि शरीराचे स्वतःचे वजनच व्यायामाला पुरते. हात नसलेल्या माणसाला पडताना हात टेकवता येत नाही, म्हणून उभ्याने करायच्या कसरतींत त्याला दुखापतीचा धोका अधिक असतो. जमिनीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा पुरते. तेवढी जागा चाळीतल्या खोलीतही सकाळी अंथरुणे गुंडाळल्यावर मोकळी होते. जाड सतरंजी, घट्ट घडी घातलेला टॉवेल, एक लोड आणि जेवणाचा लाकडी पाट एवढे सामान बहुतेक घरांत असतेच.

सुरुवात पाठीवर झोपून करावी. गुडघे वाकवून तळवे जमिनीला टेकवायचे आणि कंबर हळूहळू वर उचलायची, पाच अंक मोजायचे, मग सावकाश खाली आणायची. सेतुबंधासनाचेच हे सोपे रूप. हाताची गरज नाही आणि पाठीचा कणा तोलून धरणारे नितंबांचे व कमरेचे स्नायू यात कामाला लागतात. त्यानंतर त्याच स्थितीत कंबर जमिनीला चिकटलेली ठेवून एक टाच पुढे सरकवायची आणि परत घ्यायची, मग दुसरी. दिसायला किरकोळ असलेला हा प्रकार पोटाच्या खोल स्नायूंना जागे करतो. पालथे झोपून कपाळ टॉवेलवर टेकवून एकेक पाय वीतभर उचलणे, म्हणजे अर्धशलभासन, हे पाठीसाठी. पालथे असतानाच दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून धरणे हे मानेसाठी. आखूड हाताच्या बाजूचे पातेही तितकेच ओढले पाहिजे. हात नसला तरी पाते आहे, त्याचे स्नायू आहेत आणि ते वापरले नाहीत तर वाळतात, याचा अनेकांना विसर पडतो.

हातावर भार घ्यायचे व्यायाम हा यापुढचा टप्पा. इथे थोडी जुळवाजुळव लागते. कोपराखाली हात गेला असेल आणि उरलेला भाग पुरेसा लांब असेल, तर दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर भार घेऊन धड सरळ धरता येते. कोपराखाली टॉवेलची घडी घ्यावी. पंजा नसलेल्या हाताने जोर मारायचे असतील तर दोन हातांच्या लांबीत जेवढा फरक आहे तेवढ्या उंचीचा पाट किंवा ठोकळा आखूड बाजूला ठेवावा, म्हणजे दोन्ही खांदे एका पातळीत येतात. विटेवर हात ठेवून जोर मारणे तालमीत कुणाला नवीन नाही. इथे वीट एकाच बाजूला लागते, एवढाच फरक. कोपराच्या वर हात गेला असेल तर टोकावर भार देऊ नये. गुडघ्यांवर येऊन छातीखाली लोड घ्यावा आणि एकेक पाय मागे लांबवावा. दोन्ही हात नसलेल्या माणसालाही हा प्रकार जमतो. भिंतीला खांदा किंवा पाठ टेकवून अर्धी बैठक घेणे हाही त्याच्यासाठी चांगला पर्याय आहे.

सगळ्यात उपयोगी व्यायाम कोणता, असे विचारले तर उत्तर अगदी साधे आहे. हात न टेकवता जमिनीवरून उठणे. कुशीवर वळायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, धड उचलून गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल पुढे ठेवायचे आणि मांडीच्या जोरावर उभे राहायचे. सुरुवातीला शेजारी भिंत किंवा घरचे माणूस असावे. जेवायला, पूजेला, भजनाला खाली बसण्याची आपल्याकडची रीत आहे. हात गेल्यावर अनेकजण उठता येत नाही म्हणून खाली बसणेच सोडतात, मग हळूहळू पंगतीत आणि कार्यक्रमात जाणेही सोडतात. हा एक व्यायाम त्यांना पुन्हा माणसांत आणून बसवू शकतो.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस, श्वास न रोखता. एवढ्यावर सुरुवात पुरे. काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळायला हवीत. जखम पूर्ण भरल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हाताच्या टोकावर भार देऊ नये. व्यायामानंतर तिथली त्वचा रोज पाहावी. लाली थोड्या वेळात गेली नाही, फोड आला किंवा टोकाला दाबताच वीज चमकल्यासारखी कळ आली तर थांबून दाखवून घ्यावे. तुटलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली असेल तर अशी कळ येते आणि तिच्यावर उपचार असतात. कृत्रिम हात लावून त्यावर शरीराचे वजन टाकू नये. पकडण्यासाठी बनवलेले बरेचसे हात तेवढा भार पेलण्यासाठी नसतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडे असतील तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच व्हावी. लहान मुलांना वाढीच्या वयात कणा वाकण्याचा धोका असतो, म्हणून त्यांची पाठ ठरावीक काळाने तपासून घ्यावी.

एवढे करून काय साधते, अशी शंका घेणाऱ्यांनी महाराष्ट्रातल्याच दोन खेळाडूंकडे पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडचा सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. पुढे तो जलतरणात रिओच्या पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायचे सुवर्णपदक त्याने मिळवले. सांगली जिल्ह्याचा सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ या हाताचे अपंगत्व असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. गोळ्याचा जोर तळपायातून सुरू होतो, कमरेतून वर येतो आणि हात त्याला शेवटची दिशा देतो. पाण्यातही पंजे नसताना शरीर पुढे जाते ते पाय आणि धडाच्या बळावर. पदक हे प्रत्येकाचे ध्येय असू शकत नाही, असूही नये. पण हाताचे बळ बरेचसे धडातून येते, हा धडा अंबरनाथच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसालाही तितकाच लागू आहे. एका हाताने कडी धरून कल्याणपर्यंत उभे राहायचे तर खांद्याइतकेच पोट आणि पाय भक्कम लागतात.

साधनांचा आधार घेऊन व्यायाम करण्यात काही कमीपणा आहे, हा समजही सोडायला हवा. लाकडी ठोकळा, पट्टा, लोड, खुर्ची आणि भिंत यांच्या मदतीने आसन प्रत्येक शरीराला जमेल असे करता येते, हे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी जगाला दाखवून दिले. १९७५ मध्ये सुरू झालेली त्यांची संस्था आजही त्यासाठी ओळखली जाते. सूर्यनमस्कार घरोघरी पोहोचवण्याचा ध्यास औंधच्या पंतप्रतिनिधींनी घेतला होता. त्याच सूर्यनमस्कारातील भुजंगासन छातीखाली लोड घेऊन आणि अष्टांगाची स्थिती कोपरे टेकवून करता येते. शास्त्र जवळ आहे, परंपराही जवळ आहे. ती हात नसलेल्या माणसापर्यंत नेण्याचे काम तेवढे राहिले आहे.

आज अशा माणसाला योग्य मार्गदर्शन हवे असेल तर महालक्ष्मी-हाजी अली भागातील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचे नाव सांगितले जाते. १९५५ पासून ही केंद्र सरकारी संस्था या क्षेत्रात काम करते आहे. पण अंबरनाथहून दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी, असा प्रवास आठवड्यातून दोनदा करणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. कृत्रिम हाताच्या मापासाठी तो एकदा-दोनदा जाईल. व्यायामासाठी जाणार नाही. मुंबईत २०२० मध्ये दोन्ही हातांचे प्रत्यारोपण यशस्वी झाले तेव्हा त्याचे सार्थ कौतुक झाले. मात्र अशी शस्त्रक्रिया मोजक्यांनाच मिळते आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे व्यायाम सुटत नाही. सतरंजीवरचा व्यायाम प्रत्येकाला मिळू शकतो, तो मिळण्याची सोय मात्र गावातच हवी.

ती करणे अवघड नाही. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, तिथलेच कामगार विमा रुग्णालय, अंबरनाथचे बी. जी. छाया रुग्णालय या ठिकाणी हाताची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा तपासणीला आलेल्या प्रत्येकाच्या कागदावर 'पाठ, मान व दुसरा खांदा यांची फिजिओथेरपी तपासणी' अशी एक ओळ लिहिली गेली, तरी मोठे काम होईल. दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरांना माणसे रांगेत तासन्‌तास बसतात. त्याच मांडवात एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक दाखवता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरोग्यसेवा आणि क्रीडा या दोन्हींत दिव्यांगांना वाटा द्यायची जबाबदारी शासनावर टाकली आहे. स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांना आदेशही आहे. या रकमेतून साहित्य आणि अनुदान वाटले जाते, ते जावेच. पण त्यातला लहानसा भाग काढून अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर इथे एकेका समाजमंदिरात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवला, तर वर्षभराचा खर्च एका ओपन जिमच्या सामानाशी ताडून पाहावा. सतरंजीला गंज चढत नाही आणि तिचा दांडाही मोडत नाही.

कारखानदारांनीही यात मागे राहू नये. यंत्राला सुरक्षा कठडा बसवणे ही त्यांची पहिली जबाबदारी आहेच. पण अपघातानंतर कामगाराला पुन्हा कामावर घेताना त्याला कुठल्या टेबलाशी, किती उंचीवर, किती वेळ बसवायचे हे ठरवताना त्याच्या उरलेल्या खांद्याचा विचार व्हायला हवा. योगवर्ग चालवणाऱ्यांनी पुढच्या २१ जूनची वाट न पाहता आपल्या वर्गात एक ठोकळा आणि एक लोड जास्त ठेवावा, आणि हात नसलेला माणूस दारात आला तर 'तुम्हाला नाही जमणार' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. ते वाक्य ऐकून परत फिरलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

गेलेल्या हाताची टक्केवारी लावण्यात सरकार, न्यायालये आणि विमा कार्यालये वर्षे खर्ची घालतात. तो वाद चालू राहील, राहायलाही हवा. दरम्यान उरलेला हात रोज झिजतो आहे. त्याच्यासाठी कुठल्याही कार्यालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. उद्या सकाळी अंथरूण गुंडाळल्यावर मोकळ्या झालेल्या सहा फूट जागेवर त्याची राखण सुरू करता येते.